आधी नंबर, मग नाव

पत्र:
“काका, मी खानापूर तालुक्यातला. वय 36, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर असतो. सात-आठ वर्षं झाली, जुनी लष्करी मेडलं जमवायचा नाद लागलाय. दिवाळीच्या आधी एका सराफाच्या मोडीच्या डब्यात पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल दिसलं, ते चांदीच्या भावानं घेतलं. एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार, बाजूला 1914 आणि 1918. रिबीन नाही. कडेवर नंबर, हुद्दा ‘सिपॉय’, नाव आणि ‘114 मराठाज’ एवढं लागतं. त्या नावाचं घराणं चंदगड तालुक्यात आहे असं एका पाहुण्यानं सांगितलं. मी फोन करून नंबरासकट सगळी माहिती दिली. तिथला पणतू म्हणतो, मेडल आमचंच, कधी आणून देताय? मधल्या काळात मोठ्या शहरातल्या एका संग्राहकानं तिप्पट पैसे देऊ केलेत. आणि घरात बायको म्हणते, मेलेल्याची वस्तू घरात नको. द्यावं, विकावं, की ठेवावं? — नाव छापू नका.”

खानापूरकर,

तिन्हीतलं काहीच आत्ता करू नका. मेडल तुमच्याकडे शंभर वर्षं फिरून आलंय. अजून दोन-तीन महिने तुमच्या कपाटात राहिलं तर त्याचं काही अडत नाही.

सूनबाईंच्या भीतीचं पहिलं बोलतो, कारण ती रोज घरात असते आणि संग्राहकाचा फोन आठवड्यातून एकदा येतो. त्यांना सांगा, हे मेडल मेल्याबद्दल मिळालेलं नाही. ब्रिटिश वॉर मेडल म्हणतात याला. पहिल्या महायुद्धात ज्यानं ज्यानं चाकरी केली त्याला सरसकट दिलेलं, साऱ्या साम्राज्यात मिळून 60 लाखांच्या वर निघालं. शौर्याचं नाही, मरणाचंही नाही. तुमचा शिपाई परत येऊन, लग्न करून, नातवंडं खेळवून, म्हातारा होऊन गेला असण्याचीच शक्यता जास्त. मेलेल्यांच्या घरी जी वस्तू आली ती निराळी: ब्राँझची जाड थाळी, 12 सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, आणि एका चौकटीत नुसतं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. ती हाती लागली तर सूनबाईंचं ऐका, निदान देवघराजवळ तरी ठेवू नका. ह्या मेडलचं म्हणाल तर, मेलेल्याची वस्तू म्हणून घाबरण्याआधी तो मेला होता का ते तरी बघू.

आता तुमची चूक. तुम्ही फोनवर नंबर सांगून बसलात. हरवलेलं पाकीट सापडल्यावर “आत किती पैसे होते?” असं आपण विचारतो, “आत साडेचारशे होते, तुमचंच का?” असं नाही विचारत. पणतू खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. त्याला मनापासून तसं वाटत असेल. पणजा पलटणीत होता, नाव तेच, मग मेडल दुसऱ्या कुणाचं कशाला असेल? पण आपल्या भागात नावं किती थोडी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. एका गावात कल्लाप्पा पाटील चार सापडतात, चार गावांत मिळून सोळा. त्या काळी पलटणीत भरती करणाऱ्या साहेबानं कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे कल्लाप्पाचा ‘कालापा’ झाला, पवाराचा ‘पोवार’. गावाचं नाव मेडलवर नसतंच. तेव्हा कडेवरच्या नावावर भिस्त ठेवून माणूस शोधणं म्हणजे यात्रेत “ए पाटील” अशी हाक मारणं.

माणूस ओळखायचा तो नंबरावरून, आणि नंबरही एकटा नाही. त्या काळी प्रत्येक पलटण आपापले नंबर द्यायची. 103 व्या पलटणीत 2,000 नंबरचा एक, 114 व्या पलटणीत 2,000 नंबरचा दुसरा. नंबर आणि पलटण जोडीनं जुळले तरच तो माणूस. नाव आधाराला.

हे मी शिकलो ते माती खाऊन. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मला असंच एक मेडल मिळालं होतं, 110 व्या पलटणीचं. नाव जुळलं, पलटण जुळली, गाव बेळगावपासून तासाभरावर. मी भावनेच्या भरात पेढ्याचा पुडा घेऊन गेलो. म्हातारीनं ओवाळलं, मेडल देवघरात ठेवलं, मला जेवू घातलं, मी डोळे पुसत परत आलो. पाच वर्षांनी दुसऱ्याच कशासाठी युद्धातल्या मृतांची यादी चाळत होतो, तर तोच नंबर, तीच पलटण, तेच नाव, आणि बापाचं नाव नि गाव पार वेगळं, चिकोडीच्या बाजूचं. तो 1916 मध्ये मेलेला. म्हातारीचा सासरा त्याच नावाचा, त्याच पलटणीतला, पण परत आलेला. गेलो कबुली द्यायला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाच वर्सं आमच्यात जेवलाय की त्यो. आता कुठं घालवू त्याला?” चिकोडीकडच्या त्या गावातही जाऊन आलो. त्या घराचं कुणी उरलं नव्हतं. मेडल अजून म्हातारीच्या सुनेकडे आहे, सणाला निवद मिळतो. मी परत मागितलं नाही. पण तुमच्या बाबतीत खरं घर हयात असेल, तर त्यांच्या वाट्याचं दुसऱ्याच्या देवघरात जायला नको.

म्हणून आता एक युक्ती सांगतो. सराफानं घेतलं ते चांदीचं. पण ह्या चांदीच्या मेडलबरोबर बहुतेक शिपायांना आणखी एक मिळायचं, व्हिक्टरी मेडल. ते ब्राँझचं, पिवळसर. वर पंख पसरलेली बाई, मागच्या अंगाला इंग्रजी मजकूर, आणि रिबीन इंद्रधनुष्यासारखी. खेड्यात त्याला कुणी परी म्हणतं, कुणी देवी. त्याच्या कडेवरही तोच नंबर, तेच नाव, तीच पलटण. 72 च्या दुष्काळात म्हणा, पोरीच्या लग्नात म्हणा, किंवा 1980 च्या सुमाराला चांदी भडकली तेव्हा म्हणा, घराघरांतून चांदीची मेडलं सराफाकडे गेली आणि वितळली. ब्राँझचं मेडल मात्र सराफ पितळ म्हणून परत करायचा. ते ट्रंकेत, फडताळात, पोरांच्या खेळण्यात पडून राहिलं. तेव्हा पणतूला फोन करून एवढंच विचारा: तुमच्या घरात पिवळ्या धातूचा, पंखवाल्या बाईचा बिल्ला आहे का? असेल तर त्याच्या कडेचा फोटो पाठवा, चेहऱ्याचा नको. नंबर जुळला तर पुढं काही विचारायला नको. वेगळा निघाला तर त्यांचा पणजा वेगळा, आणि हे त्यांनाही त्यांच्याच घरातल्या वस्तूवरून कळेल, तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

त्याआधी तुमच्या मेडलची एक परीक्षा तुमच्याच हातानं होते. तुम्ही लेथवरचे, व्हर्नियर हाताशी. ह्या मेडलचा व्यास 36 मिलिमीटर. चार-पाच जागी माप घ्या. जिथं नाव आहे तिथं माप इतर जागेपेक्षा कमी भरलं असेल, तर कुणीतरी जुनं नाव घासून नवं टाकलंय असं समजा. असे उद्योग होतात, खासकरून जिथं नामांकित पलटणीमुळे भाव वाढतो तिथं. आणि भिंगाखाली अक्षरांच्या खाचा बघा. त्यात पिवळं-तांबडं काही बसलंय का? हळद-कुंकू असेल तर हे देवघरातून आलंय. मी एका घरात हाच घोडेस्वार खंडोबा म्हणून पुजलेला पाहिलाय. साहेबाच्या कारागिरानं स्वार उघडाच काढलाय, पण चिंच-राखेनं घासून घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की अंगावर कपडे आहेत की नाहीत हे सांगता येत नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो, पितांबरी लावू नका, चिंच नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. काळं पडलंय ते काळंच राहू दे. रबरबँडही बांधू नका, रबरातल्या गंधकानं चांदी काळवंडते. साध्या सुती कापडात गुंडाळा. 

आता शोधाचं. ‘114 मराठाज’ ही तुम्हाला लागलेली लॉटरी आहे, कारण ती पलटण आपल्या दारातलीच. 1922 मध्ये पलटणींची फेररचना होऊन मराठा पलटणींची मिळून पाचवी रेजिमेंट झाली, तेव्हा 103 ची झाली तिची पहिली बटालियन, म्हणजे आजची जंगी पलटण. 105 ची दुसरी, जिला ‘काळी पाचवी’ म्हणतात ती. 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी. आणि 114 ची झाली 10/5, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दहावी, प्रशिक्षणाची बटालियन. आज बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं जे मराठा सेंटर आहे त्याचं मूळ ते. ह्या लोकांनी लढाई केली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. युद्ध संपायच्या अगदी शेवटच्या दिवसांत, ऑक्टोबर 1918 अखेर, टायग्रिसकाठच्या शरकतला ही पलटण मोठ्या हिमतीनं लढली. 103, 110 आणि 117 चे लोक कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले होते. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, शेवटी उपासमारीनं शरण गेले. कुणी तुम्हाला 114 च्या मेडलला जोडून कुतची गोष्ट विकायला लागला तर हसून सोडून द्या.

आणि मराठा पलटण म्हणजे सगळे मराठेच, असं धरून चालू नका. दख्खनी मुसलमान ह्या पलटणींत असत. महार शिपायांसाठी 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडलीही. पुढं महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती 1941 मध्ये, इथं बेळगावातच. स्वयंपाकी, पखाली, खेचरवाले यांना हेच मेडल ब्राँझमध्ये मिळालं. बाजारात लोक त्याला नकली समजून टाकून देतात. दिसलं तर घ्या. माझ्या मते चांदीच्या दहांपेक्षा ते एक ठेवण्याजोगं.

तुमचा शिपाई युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. नंबर टाका, पलटण टाका, नाव शेवटी. गाव शोधताना ‘बेळगावी’ टाकलंत तर काही मिळणार नाही, ते नाव 2014 चं. ‘बेलगाम’ आणि ‘बॉम्बे’ टाका. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, तेव्हा पणतूचा पणजा बेळगावचा म्हणूनच नोंदलेला असणार. उलट शहापूरचा माणूस सांगली संस्थानाखाली सापडू शकतो. आज बेळगावात रिक्षानं जाता येतं त्या शहापुरावर तेव्हा सांगलीकरांचा अंमल होता. मेसोपोटेमियात गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. 40,000 च्या वर माणसं तिथं नोंदली आहेत, पण आपले साधे शिपाई दगडावर नावानं नाहीत, अमुक पलटणीचे इतके, असे आकड्यात आहेत. नावं वहीत. आपल्याकडेही तेच. चावडीच्या भिंतीत ती संगमरवरी पाटी असते बघा, “ह्या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके पडले”. त्यावरही नावं नाहीत. तुमच्या हातात जी कड आहे, तिच्यावर मात्र त्याचं नाव आहे. म्हणूनच संग्राहकाला लगेच हो म्हणू नका, असं मला वाटतं.

यादीत नाही सापडला तर आनंद माना, तो जगला. मग मात्र काम अवघड. जगलेल्या शिपायांची अशी यादी पंजाबातल्या जिल्ह्यांची सापडली आणि 2021 मध्ये लोकांसाठी खुली झाली, आपल्या मुंबई इलाख्याच्या शिपायांसाठी तशी सोय नाही. तेव्हा पायी फिरायचं. चंदगडच्या त्या गावात जाल तेव्हा चावडीची पाटी बघा, देवळातल्या घंटा बघा. पलटणीतून परत आलेला माणूस पहिल्या पगारातून घंटा द्यायचा आणि तिच्यावर कधी कधी पलटणीचं नाव घालायचा. जुने फेरफार काढा, कुणाला जंगी इनाम, म्हणजे लढाईतल्या चाकरीबद्दलचं इनाम, मिळालं असेल तर खूण सापडेल. कागद मोडी लिपीत असतील, वाचणारा बरोबर घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या घराचा हेळवी कोण ते विचारा. दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, वंशावळ वाचून दाखवतो, धान्य घेऊन जातो. त्याच्या वहीत पणज्याचा बाप, त्याचे भाऊ, कुणाला वंश नाही, कोण कुठल्या गावी दत्तक गेला, सगळं असतं. कमिशनच्या यादीतलं बापाचं नाव आणि हेळव्याच्या वहीतलं बापाचं नाव जुळलं की कुठल्याही सरकारी दाखल्यापेक्षा मी ते खरं मानीन.

मराठा सेंटरला जायचं असेल तर अर्ज पणतूच्या सहीनं करा, तुमच्या नाही. नातेवाइकानं विचारणं आणि बाहेरच्यानं विचारणं यात लष्करात फार फरक. संग्रहालय बघायचं असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र घेऊन जा, आणि गेटवर फोटो काढत बसू नका.

तिप्पट पैसेवाल्याविषयी. मेडल विकणं पाप नाही. ते तुमचं आहे, तुम्ही रोख देऊन घेतलंय. फक्त सराफाला एकदा विचारून घ्या, कुठल्या बाजूचं गिऱ्हाईक होतं. चोरीचा माल निघाला तर पुढचं सगळं बदलतं. पण ह्या वस्तूला आता शंभर वर्षं उलटलीत, म्हणजे कायद्यानं ती पुरावस्तूत मोडू शकते. देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तो संग्राहक पुढं परदेशी गिऱ्हाइकाला पोचवणार असेल तर त्या साखळीत तुमचं नाव कशाला? आणि तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला कडेवरचं वाचता आलं, नाव लागलं, तुम्ही फोन फिरवला. ज्याला विकायचंच असतं तो फोन करत नाही हो.

पणतूचं घर खरं निघालं तर काय करायचं, हे मात्र माझ्या मते तुम्हीच ठरवायचं नाही, त्यांनाही विचारायचं. मी आजवर पाहिलेल्या घरांपैकी निम्म्यांना वस्तूपेक्षा गोष्ट हवी असते. पणजा कुठं होता, बसऱ्याला की कुतला, जहाजानं कसा गेला. ते सगळं एका कागदावर मराठीत लिहून, मेडलच्या दोन्ही अंगांचा नि कडेचा मोठा फोटो लावून घेऊन जा. मेडल खिशात असू दे, पण पहिल्या भेटीत बाहेर काढू नका. चहा होऊ दे. म्हाताऱ्या माणसांना बोलू द्या. “तुम्ही विकलं कसं?” हे चुकूनसुद्धा विचारू नका. ज्या घरानं चांदी विकली त्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि सांगायला लावणं बरं नव्हे. त्यांनी मागितलं तर तुम्ही दिलेले पैसे घ्या, त्याच्यावर एक रुपया नको. त्यांना पैसे जमत नसतील तर तसंच द्या, आणि त्यांच्या ट्रंकेतल्या ब्राँझच्या मेडलशेजारी ठेवायला सांगा. जोडी एकत्र आली तर तुमच्या संग्रहात ती नसली तरी चालेल.

त्यांना नकोच असेल, असंही होतं, तर तुमच्याकडे ठेवा आणि सूनबाईंना त्याचं नाव, गाव, बापाचं नाव सांगा. घरातल्या वस्तूचं माणूस माहीत झालं की भीती बरीचशी जाते, निदान आमच्या घरात तसं झालं.

घर खोटं निघालं तर पणतूला तसं सरळ सांगा, आणि त्याच्या खऱ्या पणज्याचा नंबर त्याच्या ट्रंकेत आहे हेही सांगा. त्याच्यासाठी ती माहिती तुमच्या मेडलपेक्षा मोठी.

आता ह्या रविवारी व्हर्नियर घेऊन बसा. चार जागची मापं कळवा, कड सरळ निघाली की पुढचं बोलू.

— काका